विषाची मर्यादा : कारखान्यातली आणि पऱ्हाटीतली

राळेगाव तालुक्यात कपाशीवर मारायच्या विषाला सर्वजण 'औषध' म्हणतात. औषध मारले, औषधाचा वास येतो, एकराला इतके पंप औषध लागले, अशी आपली रोजची भाषा आहे. दवाखान्यातल्या औषधाबाबत मात्र आपण फार चौकस असतो. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की, किती घ्यायची, दिवसातून किती वेळा, किती दिवस, हे तीन प्रश्न अडाणी म्हातारीसुद्धा विचारते. पाठीवर पंप बांधून दिवसभर पऱ्हाटीत फिरणाऱ्या माणसाच्या अंगात संध्याकाळपर्यंत हे दुसरे औषध किती गेले, किती गेले तर शरीर ते सोसते, आणि किती दिवसांनी थांबले पाहिजे, हे मात्र कोणी विचारीत नाही. वस्तुतः हे तिन्ही प्रश्न विचारण्याची एक शास्त्रीय पद्धत आहे आणि तिला कायद्याचा आधारही आहे. ती पद्धत कोणती, ती कोणासाठी निघाली, आणि आपल्या मजुराच्या धुऱ्यापाशी येऊन ती का थांबली, हे सभासद बंधू-भगिनींसमोर व विशेषतः विद्यार्थ्यांसमोर मांडावे, या हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहोत.

कामाच्या जागी हवेत एखादे घातक रसायन जास्तीत जास्त किती असावे, याचा जो आकडा ठरविलेला असतो, त्याला संपर्क-मर्यादा म्हणतात. हा आकडा दोन प्रकारे सांगतात. वायू असेल तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे किती भाग आहेत, असे मोजतात. छतावरच्या हजार लिटरच्या टाकीत एक मिलिलिटर द्रव टाकले, तर ते दहा लाखांत एक भाग झाले. धूळ, धुके किंवा फवाऱ्याचे तुषार असतील तर एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा पेटीभर हवेत किती मिलिग्रॅम पदार्थ आहे, ते पाहतात.

नुसते प्रमाण सांगून भागत नाही, वेळही सांगावी लागते. म्हणून मुख्य मर्यादा ही आठ तासांच्या पाळीची सरासरी असते. बर्फाच्या कारखान्यात किंवा शीतगृहात वापरला जाणारा अमोनिया घेऊ. १९४८ च्या कारखाना कायद्याला जोडलेल्या यादीत त्याची आठ तासांची मर्यादा दहा लाखांत २५ भाग अशी होती. आता विद्यार्थी मित्रांनी एक गणित करून पाहावे. एक कामगार दोन तास ४० भाग अमोनियाच्या हवेत होता आणि उरलेले सहा तास १० भागांच्या हवेत होता. दोन गुणिले ४० म्हणजे ८०, सहा गुणिले १० म्हणजे ६०, बेरीज १४०, भागिले आठ, म्हणजे सरासरी साडेसतरा. पंचविसाच्या आत आहे, म्हणून मालक म्हणेल की सर्व ठीक आहे. परंतु त्याच यादीत दुसरा रकाना होता. थोड्या वेळाची, म्हणजे पंधरा मिनिटांची मर्यादा ३५ भागांची होती, आणि हा माणूस तर ४० भागांत दोन तास उभा होता. म्हणजे सरासरीत उत्तीर्ण आणि पंधरा मिनिटांत नापास. सरासरीच्या आड मोठे झटके लपू नयेत, म्हणूनच हा दुसरा रकाना ठेवलेला असतो.

काही विषांच्या बाबतीत नाकावरही विसंबता येत नाही. गटार आणि शौचालयाच्या टाकीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडची मर्यादा आठ तासांना १० भाग व पंधरा मिनिटांना १५ भाग अशी होती. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण शंभराच्या पुढे गेले की वासाची जाणीवच मरते. टाकीत उतरलेल्याला वाटते, वास गेला म्हणजे धोका गेला. या कामात पिढ्यानपिढ्या कोणती माणसे उतरविली गेली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे आणि तरीही तसे मृत्यू घडतात, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

आठ तास हा आकडा आकाशातून पडलेला नाही. शरीरात गेलेले विष बाहेर टाकण्यास शरीरालाही वेळ लागतो. आठ तास संपर्क आणि सोळा तास सुटका, असे ते मूळ गणित आहे. कामाचा दिवस बारा तासांचा झाला तर संपर्क दीडपट होतो आणि सुटकेचे तास सोळावरून बारावर येतात. दुहेरी नुकसान होते. ब्रीफ आणि स्काला या दोन अमेरिकन तज्ज्ञांनी १९७५ साली यासाठी जे सूत्र दिले, त्याप्रमाणे बारा तासांच्या पाळीला मर्यादा निम्मी करावी लागते आणि दहा तासांच्या पाळीला सात-दशांश. कामाचे तास कमी करण्याचा लढा हा केवळ विश्रांतीसाठी नव्हता, तो असा विषाच्या हिशेबाशीही जोडलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ साली त्यांनीच मांडले, हे आपण जाणतोच. सकाळी सातला शेतात गेलेला फवारणीचा मजूर सूर्य कलताना परततो आणि तेच कपडे अंगावर ठेवून जेवायला बसतो. त्याचा संपर्क किती तासांचा धरायचा?

मर्यादेच्या आत सर्व सुखरूप आणि बाहेर सर्व धोका, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. प्लॅस्टिकच्या उद्योगात लागणाऱ्या व्हिनिल क्लोराइड या वायूची मर्यादा अमेरिकेत ५०० भाग होती. १९७४ साली त्या कारखान्यांतील कामगारांमध्ये यकृताचा दुर्मिळ कर्करोग आढळला, आणि लगोलग मर्यादा ५०० वरून एकावर आणली गेली. विष तेच आणि माणसाचे यकृतही तेच, फक्त आकडा बदलला. म्हणजे आधीच्या आकड्यावर विश्वासून काम करणाऱ्यांनी त्याची किंमत दिली. संपर्क-मर्यादा म्हणजे त्या दिवशी उपलब्ध असलेले ज्ञान आणि त्या दिवशी मालक-मजुरांचे बळ यांतून निघालेला आकडा होय, असे आमचे मत आहे. असे असले तरी आकडा नसण्यापेक्षा आकडा असणे केव्हाही चांगले, कारण आकडा असला की जाब विचारता येतो.

आपल्या देशात हे आकडे कायद्यात कसे आले, ते पाहण्यासारखे आहे. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. तो कारखाना कशाचा होता, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. तो कीटकनाशकाचा कारखाना होता. कार्बारिल नावाचे कीटकनाशक तेथे बनत असे आणि त्यासाठी हा वायू लागत असे. त्या संहारानंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांविषयी नवे प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम ४१-फ ने कारखान्यातील रसायनांच्या संपर्काच्या मर्यादा दुसऱ्या अनुसूचीत बांधून दिल्या. त्या अनुसूचीत मिथाइल आयसोसायनेटची मर्यादा दहा लाखांत ०.०२ भाग अशी होती. म्हणजे आपल्या हजार लिटरच्या टाकीत एका मिलिलिटरचा पन्नासावा हिस्सा. कीटकनाशकांचीही नावे त्यात होती. कार्बारिल घनमीटरला ५ मिलिग्रॅम, मॅलाथिऑन १० मिलिग्रॅम, आणि पॅराथिऑन ०.१ मिलिग्रॅम. मॅलाथिऑन आणि पॅराथिऑन ही दोन्ही एकाच कुळातील, नावेही भावाभावांसारखी, परंतु मर्यादेत शंभरपटीचा फरक आहे. नावावरून विषाची पारख करू नये, ती अशी. (यांपैकी पॅराथिऑनवर फार पूर्वी आणि कार्बारिलवर २०१८ साली देशात बंदी आली.)

यातील विसंगती वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. कीटकनाशकाच्या कारखान्याने माणसे मारली म्हणून मर्यादा आल्या, पण त्या आल्या कारखान्याच्या फाटकाच्या आत. बाटल्या भरणाऱ्या कामगारासाठी आकडा आहे. तीच बाटली कृषी केंद्रातून आणून धुऱ्यावर उघडणाऱ्या मजुरासाठी नाही, कारण शेत हा कारखाना नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कारखाना कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. त्या संहितेत हे आकडे ठरविण्याचे काम राज्य सरकारांकडे सोपविले आहे. तेथेही शब्द 'कारखान्यातील उत्पादन प्रक्रिया' असाच आहे. फाटक तेथेच राहिले.

फाटकाबाहेर काय घडते, ते यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली पाहिले. त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करताना विषबाधा झालेली शेकडो माणसे दवाखान्यात दाखल झाली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कोणाला दिसेनासे झाले होते, कोणाला भ्रम झाला होता, कोणी श्वासासाठी यंत्रावर होते. एकट्या आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. त्यांत शेतकरीही होते आणि दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणाऱ्या मजुरांचा भरणाही होता. शासनाने विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबरमध्ये यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर व वापरावर साठ दिवसांची बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस, असिफेट, डायफेन्थ्युरॉन, आणि प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन व फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही दोन मिश्रणे होती. साठच दिवस का, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी केला. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे राज्य सरकारला मुळात साठ दिवस आणि तपास अपुरा राहिल्यास आणखी तीस दिवस, एवढीच बंदी घालता येते. कायमचा निर्णय केंद्राचा. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाची नोंदणी रद्द करण्याचा आदेश केंद्राने काढला तो २०२३ साली.

त्या हंगामात नेमके काय बिघडले, याची कारणे एकाहून अधिक आहेत. गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली होती, त्यामुळे फवारण्या वाढल्या. एकाच पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधे मिसळण्याची पद्धत पडली होती. पऱ्हाटी अनेक ठिकाणी छातीच्या, खांद्याच्या वर गेली होती, म्हणजे फवारा खाली न पडता तोंडासमोर पडत होता, आणि ओल्या पानांतून वाट काढताना सारे अंग भिजत होते. बॅटरीवर चालणारे नवे पंप अधिक बारीक तुषार उडवितात, आणि बारीक तुषार हवेत जास्त वेळ राहतात. मजुरांनी काळजी घेतली नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते मान्य नाही. जी वस्तू वापरण्यासाठी भर उन्हात अंगभर रबरी पोशाख, हातमोजे, चष्मा आणि मुखवटा लागतो, ती वस्तू या हवामानातील गरीब मजुराच्या हाती द्यावी काय, हा खरा प्रश्न आहे. हे केवळ आमचेच म्हणणे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या कीटकनाशकविषयक आचारसंहितेतही असे सांगितले आहे की, ज्यांना गैरसोयीची, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात अशी कीटकनाशके टाळावीत, विशेषतः उष्ण प्रदेशातील लहान शेतकरी व शेतमजूर यांच्या बाबतीत.

समजा, उद्या शासनाने ठरविले की शेतालाही कारखान्याची मर्यादा लावू. तरी एक अडचण राहते. कारखान्याची मर्यादा हवेतली आहे, म्हणजे नाकावाटे जाणाऱ्या विषाची. फवारणी करणाऱ्याच्या अंगात मुख्यतः विष जाते ते कातडीवाटे. अनुसूचीत काही रसायनांच्या नावापुढे 'त्वचा' असा शब्द छापलेला होता, त्याचा अर्थ हाच की हवेतला आकडा पाळला तरी कातडीवाटे विष जाऊ शकते. मॅलाथिऑन आणि पॅराथिऑन या दोघांपुढेही तो शब्द होता.

कातडीही सगळीकडे सारखी नाही. मायबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली पॅराथिऑनचे मोजमाप प्रसिद्ध केले. मनगटापासून कोपरापर्यंतच्या हातावर लावलेल्या विषापैकी सुमारे ९ टक्के शरीरात गेले. तळहातावरून त्याहून थोडे जास्त. डोक्याच्या व कपाळाच्या कातडीतून तिसरा हिस्सा, काखेतून निम्म्याहून अधिक, आणि पुरुषाच्या जांघेतील नाजूक कातडीतून जवळजवळ सर्वच. आता पाठीवरचा पंप डोळ्यांसमोर आणा. झाकणातून किंवा नळीच्या सांध्यातून गळणारे पाणी पाठीवरून कोठे उतरते? कंबरेवरून खाली. आम्ही पाहिले आहे की हातमोज्यांवर सर्वांचा भर असतो, आणि गळका पंप मात्र चिंधी बांधून वर्षानुवर्षे चालविला जातो. या आकड्यांकडे पाहिले तर पंपाचे दहा-वीस रुपयांचे वायसर बदलणे हे मोज्यांच्या जोडीइतकेच मोलाचे ठरते.

दुसरी जागा धोक्याची आहे ती औषध कालविण्याची. लिटरला २ मिलिलिटर मिसळायचे औषध असेल, तर बाटलीतले एक मिलिलिटर म्हणजे फवाऱ्याचे अर्धा लिटर पाणी. बाटलीचे बूच उघडताना बोटांवर सांडलेले चमचाभर औषध हे अडीच लिटर फवारा अंगावर ओतून घेण्यासारखे आहे. हे काम पुष्कळदा धुऱ्यावर बसलेल्या बाईकडे किंवा पोराकडे असते, कारण ते 'हलके' समजले जाते. तेच सर्वांत जड काम आहे.

मग या माणसासाठी मर्यादा मोजायची कोठे? उत्तर असे की, त्याच्या रक्तात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, असिफेट ही सारी सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषे आहेत. आपल्या नसांकडून स्नायूंकडे निरोप पोचविणारे एक द्रव्य असते. निरोप पोचला की ते द्रव्य पुसून टाकण्याचे काम कोलिनेस्टरेज नावाचे विकर करते. ही विषे त्या विकरालाच पकडून ठेवतात. निरोप पुसला जात नाही, तो वाजतच राहतो. म्हणून डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ, घाम आणि डोळ्यांतून पाणी वाहते, उलट्या-जुलाब होतात, स्नायू फडफडतात, छातीत पाणी भरते आणि श्वास बंद पडतो. रक्तातील या विकराचे मोजमाप प्रयोगशाळेत करता येते. ते किती घटले, यावरून अंगात किती विष गेले, नाकावाटे गेले की कातडीवाटे, त्याची एकत्रित बेरीज कळते.

महत्त्वाची गोष्ट ही की, तांबड्या रक्तपेशींतील हे विकर एकदा कायमचे बांधले गेले की भरून यायला आठवडे, कधी तीन-चार महिनेही लागतात. रोज साधारण एक टक्का, असा भरपाईचा वेग धरतात. म्हणून सोमवारी फवारणी केलेल्याला काही झाले नाही, मंगळवारी काही झाले नाही, आणि दहाव्या दिवशी तेवढ्याच औषधाने तो शेतात कोसळला, असे घडू शकते. गावकरी म्हणतात, आजचे औषध कडक होते. औषध तेच असते, नऊ दिवसांचा ऐवज खर्ची पडलेला असतो. आज याच्या, उद्या त्याच्या शेतात असे सलग हंगामभर फवारणीचेच काम करणाऱ्या मजुराला शेतमालकापेक्षा जास्त धोका आहे तो यामुळे. मालक आपल्या पाच एकरांत फवारून थांबतो. मजुराच्या अंगात सगळ्या गावाच्या एकरांची बेरीज होत असते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७४ पासून यावर सरळ नियम केला आहे. हंगामापूर्वी मजुराचे रक्त तपासून त्याची स्वतःची मूळ पातळी ठरवायची. पुढील तपासण्यांत ती मुळाच्या ८० टक्क्यांखाली गेली, तर मालकाने कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतील पातळी ७० टक्क्यांवर किंवा तिच्याखाली आली, तर त्या माणसाला फवारणीच्या कामावरून काढून दुसरे काम द्यायचे, आणि पुन्हा ८० टक्के भरल्याशिवाय पंप हाती द्यायचा नाही. येथे मूळ पातळी हा शब्द अधोरेखित करावासा वाटतो. निरोगी माणसांतही ही पातळी कमी-जास्त असते. त्यामुळे हंगामापूर्वीचा कागद नसेल, तर आजारी पडल्यावर केलेल्या तपासणीचा पुरता अर्थ लागत नाही. युरोपातील देशांत याच्याही आधीच्या पायरीवर अडवतात. फवारणाऱ्याच्या शरीराच्या दर किलो वजनामागे रोज किती मिलिग्रॅम विष गेले तर चालेल, हे प्रत्येक औषधासाठी ठरवितात. त्याहून जास्त जाणार असे दिसले तर ते औषध बाजारात येऊच देत नाहीत.

आपल्याकडे असा नियम नाही, असे मात्र समजू नये. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच फवारणीसाठी ठेवलेल्या माणसांची कामावर घेण्यापूर्वी व नंतर ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी करण्याची तरतूद आहे. सेंद्रिय फॉस्फरस व कार्बामेट गटांच्या विषांसाठी कोलिनेस्टरेजची तपासणी त्यात स्पष्ट लिहिली आहे. संरक्षक कपडे, विषावरील उतारा आणि प्रशिक्षण यांचेही नियम त्यातच आहेत. तरतूद कॅलिफोर्नियाच्याही आधीची आहे. ती रोजंदारीवरच्या मजुरापर्यंत पोचत नाही, कारण हजेरीपट नाही, करार नाही, आणि आज ज्याच्या शेतात काम केले तो मालक उद्या मालक नसतो. शिवाय पाच एकरांचा कर्जबाजारी मालक तपासणीचा खर्च करील, ही अपेक्षाही व्यर्थ आहे. हे काम सार्वजनिक आरोग्य खात्याचेच आहे. जून महिन्यात, पहिल्या फवारणीच्या आधी, प्राथमिक आरोग्य केंद्रावर फवारणी करणाऱ्यांची नोंद घेऊन एकदा रक्त घ्यावे, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा घ्यावे, अशी मागणी ग्रामसभेत ठराव करून करता येते. मंडळाच्या शिकलेल्या तरुणांनी असा ठराव लिहून द्यावा, असे आम्हाला वाटते. एक मर्यादा येथेच सांगितली पाहिजे. डायफेन्थ्युरॉन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड आणि सायपरमेथ्रिन या विषांचा मार्ग वेगळा आहे, त्यांची बाधा या तपासणीत दिसत नाही. तपासणी चांगली आली म्हणून ती मारायला मोकळे झालो, असे नाही.

बाटलीवरील रंगाविषयीही एक गैरसमज आढळतो. चौकोन कोनावर उभा करून त्यात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, हिरवा म्हणजे सौम्य, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण हा रंग ठरतो तो प्रयोगशाळेतील प्राण्यांना एकदाच दिलेल्या मात्रेवरून. ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात, ती तोंडावाटे किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५,००० निळा, आणि त्यापुढे हिरवा. रोज थोडे-थोडे, महिनाभर अंगावर पडल्यास काय होईल, हे तो रंग सांगत नाही. दोन बाटल्या एकत्र कालविल्यावर रंग कोणता, हेही तो सांगत नाही.

फवारणी करताना किंवा त्या रात्री कोणाला मळमळ, डोके जड होणे, अंधुक दिसणे, जास्त घाम किंवा लाळ, छाती भरणे यांपैकी काही जाणवले, तर काम तत्काळ थांबवून त्याचे कपडे काढावेत. केस आणि जांघेसकट सारे अंग साबणाच्या पाण्याने धुवावे आणि दवाखाना गाठावा. धुणाऱ्यानेही हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. दूध, तूप पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नये. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषावर अट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम ही इंजेक्शने आहेत, ती जितक्या लवकर मिळतील तितका उपयोग जास्त. इतर काही विषांवर तसा नेमका उतारा नाही, तेथे श्वास सांभाळणे हाच उपचार असतो. म्हणून अंगात गेलेले विष कोणते, हे डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला कळले पाहिजे. 'शेतात चक्कर आली' एवढेच सांगू नये, फवारणी करीत होता असे स्पष्ट सांगावे, आणि ज्या-ज्या बाटल्यांतले औषध पंपात पडले त्या सर्व बाटल्या पिशवीत बांधून बरोबर न्याव्यात. यासाठी शेवटच्या फवारणीनंतर निदान दोन-तीन दिवस रिकामी बाटली फेकू नये. लेबल शाबूत ठेवून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, घराबाहेर कुलपात ठेवावी.